लाकडी दस्ता, पोलादी नळी आणि मधली फट

पावसाळ्यात दार चौकटीत अडकते आणि उन्हाळ्यात त्याच दाराला फट दिसू लागते. लाकूड हवेतली ओल घेते तेव्हा फुगते, सोडते तेव्हा आकसते. दारावर आपण रंधा मारून वेळ भागवतो. पण हेच लाकूड नेमबाजीच्या रायफलला असेल तर? अमेरिकेतले हौशी नेमबाज यावर घरच्या घरी एक उपाय करतात. त्याचे नाव ‘ग्लास बेडिंग’.

बोल्ट-ॲक्शन रायफलची पोलादी नळी आणि तिच्यामागचा यंत्रभाग लाकडी दस्त्यात कोरलेल्या खाचेत स्क्रूंनी आवळलेला असतो. दस्ता पुष्कळदा अक्रोडाचा. काळ्या अक्रोडाचे ओले लाकूड पूर्ण वाळताना वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आकसते, लांबीच्या दिशेने मात्र नगण्य. हे आकसणे ओल ३० टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर सुरू होते. म्हणजे ओलीतल्या दर १ टक्का फरकाला आकारात सुमारे ०.२६ टक्के फरक. ४५ मिलिमीटर रुंदीच्या दस्त्यात ओल ४ टक्के वाढली, तर रुंदी जवळजवळ अर्धा मिलिमीटर वाढेल.

एवढ्याने काय बिघडते? सगळी रायफल दस्त्यात किंचित तिरपी बसली तर फारसे काही नाही. तिच्यावरची दुर्बीणही सोबतच तिरपी होते. बिघडते ते वाकण्याने. डगमगणारे टेबल आठवा. त्यावर भार दिला की फळी पिळवटून चौथा पाय टेकतो. तसेच खाचेत उंचवटे असले की स्क्रू आवळताना पोलाद वाकते. फुगलेले लाकूड नळीलाही एका बाजूने रेटते. नळीच्या तोंडाची दिशा दोन हजारांत एक एवढी जरी बदलली, तरी १०० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर बाजूला जाते. शिवाय हा रेटा हवामानाप्रमाणे बदलतो, म्हणून चूक दर वेळी वेगळी.

उपाय टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारण्यासारखाच आहे. फक्त घडी येथे ओतायची असते. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून यंत्रभाग दस्त्यातून सोडवतात आणि खाचेतले थोडे लाकूड खरवडतात. पोलादावर मेणाचा पातळ थर देतात, भोके मातीने बुजवतात. मग इपॉक्सीत (आपल्या ॲरल्डाइटच्या जातीचा डिंक) काचतंतू मिसळून ते खाचेत भरतात आणि यंत्रभाग हलकेच बसवतात. सुमारे दिवसभरात इपॉक्सी कडक होते आणि पोलादाचा तंतोतंत साचा तयार होतो. नळीभोवती मात्र मोकळी फट ठेवतात. मेण लावायचे एखाद्या खळग्यात राहिले, तर पोलाद आणि दस्ता कायमचे जोडले जातात!

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. अशा स्पर्धांत आता ॲल्युमिनियमचे दस्ते सर्रास दिसतात. ते ओल पीतच नाहीत.

रायफल वर्गात आणायची नाही. तत्त्व मात्र आणता येईल. आम्ही सुचवतो: लाकडाची एक पातळ फळी रेषांच्या आडव्या आणि उभ्या दिशेने मोजा, दोन दिवस पाण्यात ठेवा, पुन्हा मोजा. कोणती बाजू वाढली? का? उत्तर मुलांनाच शोधू द्या.