पाण्याची पाळी आणि गटाची वही

बुऱ्हाणपूरला पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने कुंडी भंडारा दाखवतो. 1615 च्या सुमारास, खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणले. मला मात्र त्याहूनही नवल वाटते ते धुळे जिल्ह्यातल्या फड पद्धतीचे. भंडारा राजसत्तेने बांधला. फड शेतकऱ्यांनी आपसांत चालवला, तोही कित्येक पिढ्या.

पांझरेवर लहान बंधारे, त्यातून निघालेले पाट आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा ऊस कुठे आणि भुसार कुठे, हे सर्वांनी बसून ठरवायचे. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाट साफ करायला मात्र सगळ्यांनीच यायचे. त्या कामातच धाकट्यांना कळे, गाळ कुठे साचतो आणि पाट कुठे फुटतो. ही माहिती कागदावर नव्हती, राबत्यात होती. पुढे विहिरी, पंप आणि वरची धरणे आली, बरेच फड मोडले. राबता थांबला, तशी ती जाणही विरत गेली.

सामाईक गोष्टी वापरणारी माणसेच आपल्या नियमांनी नीट सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची उदाहरणे अभ्यासून दाखवले. 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आता आपल्या बचत गटांकडे पाहू. मी पाहिलेल्या अनेक गटांत वही एकाच शिकलेल्या बाईकडे असते. ती सासरी गेली किंवा नवऱ्यासोबत सुरतेला गेली, की कुणाचे किती कर्ज बाकी आहे यावरून कुरबुर सुरू होते. पैसा बँकेत शाबूत असतो, विश्वास मात्र तुटतो.

उपाय घरगुतीच आहेत. दर बैठकीत हिशेब मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्या मावशींनीही मागची शिल्लक तोंडी सांगावी. वही लिहिणारी दरवर्षी बदला आणि नवीला जुनीच्या शेजारी दोन महिने बसवा. नियम सांगताना तो का केला, हेही सांगा. वही एकीच्या हाती असली तरी हिशेब सगळ्यांच्या तोंडी हवा.