दोष कार्डाचा नव्हता

काही वर्षांपूर्वी मी एक धडधाकट नेटवर्क कार्ड भंगारवाल्याला देऊन टाकले. जुन्या संगणकावर लिनक्सचे नवे कर्नल चढवले आणि इंटरनेट बंद पडले. कार्ड गेले, असे मीच ठरवले. त्याच जातीचे दुसरे आणून बसवले, तेही मुकेच! मग कुठे नोंदी वाचायला बसलो. ड्रायव्हर मी जुन्या कर्नलसाठी वेगळा बांधून घेतला होता. नव्यासाठी तो पुन्हा बांधायचा राहिला होता. पाच मिनिटांचे काम. कार्ड मात्र गेले ते गेलेच.

मी अभियंता नाही. जे शिकलो ते नोंदी वाचून आणि यंत्रे बिघडवून. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. कर्नलची भाषा कार्डाला कळत नाही, कार्डाची कर्नलला. संवाद तुटला की तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. यंत्राला कार्ड दिसते का? ते ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा सांगते. त्याला कोणता ड्रायव्हर लागला आहे? तीच आज्ञा ‘के’ हा पर्याय जोडून दिली की कळते. आणि ड्रायव्हर काय तक्रार करतो? ती ‘डीमेसेज’च्या नोंदींत सापडते. मी यांतला एकही प्रश्न न विचारता निकाल दिला होता.

पण तिन्ही प्रश्न विचारूनही चुकीचा आरोपी हाती लागू शकतो. सप्टेंबर २००८मध्ये तसे घडले. लिनक्स २.६.२७च्या चाचणी-आवृत्त्या वापरणाऱ्यांच्या संगणकांतले इंटेलचे काही नेटवर्क कंट्रोलर निकामी होऊ लागले. कंट्रोलरची ओळख आणि मांडणी फ्लॅश स्मृतीत असते. तिच्यातल्या पहिल्या ६४ शब्दांची बेरीज ठरावीक यावी लागते. सोळाच्या पायावर ती ‘बीएबीए’ अशी लिहितात, रोमन अक्षरांत चक्क ‘बाबा’! ती जुळेना, म्हणून ‘ई१०००ई’ हा ड्रायव्हर कार्ड चालवायलाच नकार देई. कोणीतरी त्या स्मृतीत भलतेच लिहीत होते.

संशय ड्रायव्हरवर गेला, मग ग्राफिक्सच्या भागावरही. काही वितरणांनी चाचणी-आवृत्त्यांतून हा ड्रायव्हर बंदच करून ठेवला. एरवी अशा वेळी बदलांची यादी निम्मी-निम्मी करत तपासतात. हजार बदलांतला दोषी दहा चाचण्यांत सापडतो. इथे मात्र प्रत्येक चाचणीत एक कार्ड बळी पडण्याची भीती.

खरा दोषी होता ‘एफट्रेस’. कर्नलमधली कोणती फंक्शन कधी चालतात याचा माग ठेवणारी ही सोय, स्टीव्हन रोस्टेड यांनी लिहिलेली, २.६.२७मध्येच नव्याने आली होती. वेग राखण्यासाठी ती प्रत्येक फंक्शनच्या आरंभीची हाक शोधून, तिचा पत्ता टिपून, नंतर तिथे ‘काही करू नको’ अशी सूचना लिही. काही फंक्शन फक्त सुरुवातीला लागतात. काम झाले की त्यांची जागा मोकळी होते. टिपलेला पत्ता मात्र यादीत राही. त्याच पत्त्यावर पुढे कंट्रोलरची फ्लॅश स्मृती जोडली गेली, तर एफट्रेस तिथे जाऊन पोहोचे.

खबरदारी घेतलेली होती. ‘जुनी किंमत जुळली तरच नवी लिही’ अशी प्रोसेसरची सूचना वापरली होती. साध्या स्मृतीत ती पुरेशी. पण किंमत जुळली नाही तरी ही सूचना जुनीच किंमत परत लिहिते, आणि उपकरणाच्या लेखी तेही लेखनच. भाडेकरू बदलल्यावरही जुन्या पत्त्यावर टपाल जात राहावे, तसा हा प्रकार.

९ ऑक्टोबर २००८ला २.६.२७ प्रसिद्ध झाले, तेव्हा ड्रायव्हरमध्ये त्या स्मृतीला लेखनबंदीचे कुलूप घातलेले होते. त्याच महिन्यात आलेल्या २.६.२७.१मध्ये एफट्रेसची ती पद्धत बंद झाली. ड्रायव्हर, एफट्रेस आणि स्मृतीची वाटणी यांचा कोड कुणालाही वाचण्यासाठी खुला होता, म्हणूनच एका भागातल्या जखमेचे मूळ दुसऱ्या भागात शोधता आले.

जिथे दुखते तिथेच दोष असतो, असे नाही. आता माझ्याकडचे यंत्र बंद पडले की मी आधी नोंदी वाचतो. भंगारवाल्याची हाक आली, तरी वाचून होईपर्यंत दार उघडत नाही.