थांबायचं कुठे?

आठवीतल्या मुलीच्या आईचा प्रश्न आलाय: शाळेत पायथनमध्ये ‘लूप’ शिकवताहेत, पण एकच ओळ शंभरदा कॉपी-पेस्ट केली तरी उत्तर तेच येतं, मग हा खटाटोप कशाला?

टायपिंगचे कष्ट वाचतात, हे नेहमीचं उत्तर मला अपुरं वाटतं. शंभरदा चिकटवायला आधी ‘शंभर’ माहीत असावं लागतं. वर्गमूळ काढताना पुरेसं अचूक उत्तर कितव्या फेरीत हाती लागेल, हे आधी कुठं ठाऊक असतं? पुन्हा पुन्हा करणं सोपं. खरी मेख थांबण्यात आहे. जपमाळेतला मेरुमणी असतो तो त्यासाठीच. बोटाला लागला की फेरी संपली.

१९४४ साली हार्वर्ड विद्यापीठाला मिळालेल्या ‘मार्क वन’ या गणकयंत्राच्या आज्ञा छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. तेच काम पुन्हा करून घ्यायचं, तर पट्टीची दोन टोकं चिकटवायची आणि ती फिरत ठेवायची. अक्षरशः लूप! पण उत्तर पाहून पुढची वाट निवडायची आज्ञाच सुरुवातीला त्या यंत्रात नव्हती; पट्टी बदलायला माणूस लागे.

पुढे आज्ञा यंत्राच्या मेमरीत गेल्या. केंब्रिजच्या ‘एडसॅक’ या संगणकानं ६ मे १९४९ रोजी ० ते ९९ या संख्यांचे वर्ग छापून दाखवले. पण यादीतला पहिला आकडा, मग दुसरा, मग तिसरा उचलायचा असेल तर? दर फेरीला प्रोग्रॅमनं स्वतःचीच आज्ञा बदलून तिच्यातला मेमरीचा पत्ता पुढं सरकवायचा. भलतंच धाडसाचं काम!

यावरचा सुरेख तोडगा त्याच सुमारास मँचेस्टरला निघाला. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न, मॅक्स न्यूमन आणि जेफ टूटिल यांनी आकडे साठवायची एक छोटीशी वेगळी नळी राखली. तिच्यातला आकडा आज्ञेतल्या पत्त्यात आपोआप मिळवला जाई. मेमरीतली आज्ञा जशीच्या तशी, वाढे तो फक्त हा आकडा. बेरजेची नळी ‘ए’, नियंत्रणाची ‘सी’, म्हणून ही ‘बी’. मुलगी आज लूपमध्ये ‘फॉर आय’ लिहिते, त्यातल्या ‘आय’चं काम तेव्हा ही नळी करत होती. लूपचा विषय निघाला की गणिती एडा लव्हलेसची गणनयंत्रावरची १८४३ची टिपणं सगळ्यांना आठवतात, आठवावीतच. पण बिचाऱ्या टूटिलचं नाव कोण घेतं?

थांबण्याची अट लिहिताना मुरलेलेही फसतात. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे ३० जीबीचे ‘झून’ म्युझिक प्लेअर एकाएकी गोठले. दिवसांच्या आकड्यावरून साल काढणारा एक लूप त्यांच्यात होता. दिवस ३६५हून जास्त असेपर्यंत फिरत राहायचं; मात्र लीप वर्षात ते ३६६हून जास्त असले तरच वजाबाकी करायची. २००८ लीप वर्ष, आणि दिवस नेमका ३६६वा! ३६५हून जास्त, म्हणून बाहेर पडता येईना. ३६६हून जास्त नाही, म्हणून वजाबाकीही होईना. कंपनीनं ग्राहकांना उपाय सांगितला: बॅटरी पूर्ण उतरू द्या, आणि १ जानेवारीला, ग्रिनिचचे दुपारचे बारा वाजून गेल्यावर, पुन्हा सुरू करा.