रक्तवाहिन्या आवळणारे संप्रेरक

वैशाखाच्या उन्हात डिचोलीच्या डोंगरउतारावर काजूचे बोंडू वेचणाऱ्या किंवा पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे पाणी आणि मीठ सतत बाहेर पडत असते. रक्तातील द्रव असा घटला, की रक्ताचा दाब उतरून त्याला भोवळ यावयास हवी. तरीही तो सहसा ताठ उभा राहतो. त्याला सावरणाऱ्या यंत्रणेचा आरंभ मूत्रपिंडात होतो.

मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताचा दाब उतरताच तेथील काही पेशी रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. टिगरस्टेट व बर्गमन या संशोधकांनी १८९८ साली त्याचा शोध जाहीर केला. यकृतात तयार झालेल्या एका मोठ्या प्रथिनापासून रेनिन दहा अमिनो आम्लांची एक लहान साखळी तोडते. पुढे, मुख्यत्वे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, एक विकर तिचे दोन दुवे काढून टाकते. उरलेली आठ दुव्यांची साखळी म्हणजेच अँजिओटेन्सिन-दोन हे प्रभावी संप्रेरक होय.

रक्ताबरोबर ते सर्वत्र फिरते. परंतु ज्या पेशीवर त्याच्याजोगे कुलूप असेल, तेथेच त्याची किल्ली चालते. या कुलपास ग्राही म्हणतात. धमन्यांच्या भिंतीतील स्नायुपेशींवर असे ग्राही असतात. किल्ली फिरताच पेशीत कॅल्शियमचे प्रमाण वाढते, स्नायू आवळतो, धमनी अरुंद होते आणि दाब चढतो. त्याच वेळी अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन पाझरते व मूत्रपिंड मीठ राखून ठेवते.

उन्हात तारणारी हीच यंत्रणा, गरज नसताना चालू राहिली, तर रक्तदाबाच्या विकारास हातभार लावते. तिला लगाम घालण्याची युक्ती एका सर्पाच्या विषातून सापडली. ज्या ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी गोव्यात काजू आणला, तेथेच जराराका नावाचा विषारी सर्प आढळतो. सेर्जिओ फेरेइरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने त्याच्या विषातील काही लहान साखळ्यांचे कार्य १९६५ साली प्रसिद्ध केले. दोन दुवे काढणारे विकर त्या रोखून धरतात, असे पुढे दिसून आले. त्या धाग्यावरून घडलेल्या कॅप्टोप्रिल या औषधास अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली. १९९५ साली मान्य झालेल्या लोसार्टानची रीत निराळी: ते ग्राहीच्या कुलपात शिरते, पण फिरत नाही, मूळ किल्लीला मात्र वाट उरत नाही.

या गोळ्या घेणाऱ्याने एक गोष्ट विसरता कामा नये. त्याच्या शरीरातील ही राखण औषधाने सैल केलेली असते. म्हणून उलट्या, जुलाब किंवा अतिशय घाम यांनी पाणी घटल्यास डॉक्टरांचा सल्ला त्वरित घ्यावा. गर्भवतीने ही औषधे घेऊ नयेत. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठही विचारल्यावाचून वापरू नये. आणि बरे वाटते म्हणून गोळी आपण होऊन सोडू नये. तिचा अंमल ओसरला, की रिकाम्या झालेल्या कुलपात जुनी किल्ली पुन्हा फिरू लागते, आणि दाब चढल्याची जाणीव रुग्णाला बहुधा होतही नाही.