आवाज थांबला तेव्हा

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं होत नाही. २०११च्या फेब्रुवारीअखेर, नीरेच्या काठावर अडीच हजार फुटांवर असताना माझ्या छोट्या सेसना १५२चं इंजिन खडखडलं आणि बसलं. पंखा वाऱ्यानं नुसता फिरत राहिला. शेजारी सतरा वर्षांचा पुतण्या. "काका, आवाज का थांबला?"

हे दोन आसनी विमान साठ नॉटच्या, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वेगाला धरून ठेवलं, तर एक फूट उतरताना आठ-नऊ फूट पुढे सरकतं. म्हणजे हातात साडेतीन-चार मिनिटं.

पेट्रोलची कळ, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर हीट, सगळं करून पाहिलं. इंजिन दाद देईना. मग जागा शोधणं आलं. उसाचं रान वरून गादीसारखं मऊ दिसतं, पण उंच उसात चाकं अडकली की विमान नाकावर उलटतं. मोकळ्या रानात विहीर असते. विजेच्या तारा तर दिसतच नाहीत. खांब शोधायचे आणि मध्ये तारा आहेत असं धरून चालायचं. ज्वारी काढून झालेलं एक लांबट शेत दिसलं. जवळच कुणीतरी पाचट पेटवलं होतं, त्या धुरानं वाऱ्याची दिशा सांगितली. (त्या शेतकऱ्याचे आभार मानायचे राहूनच गेले.)

नट हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ रोजी सांता मोनिकाहून उडाला आणि लगेच इंजिन गेलं. विमानतळापर्यंत पोचता येणार नाही हे ओळखून तो जवळच्या गोल्फच्या मैदानात उतरला. जबर जखमी झाला, पण वाचला. कार्ब्युरेटरमधला एक जेट सैल झाला होता. वय ७२. परत फिरायचा मोह आवरणं, हेच यातलं सर्वांत कठीण काम.

"पट्टा घट्ट कर, दाराची कडी काढ," मी म्हटलं. पोरानं निमूटपणे केलं. फ्लॅप पूर्ण खाली, मग पेट्रोल बंद, वीज बंद. धसकटांवर चाकं टेकली, विमान धडधडत गेलं आणि बांधाला नाकाचं चाक मोडून थांबलं. आम्हाला खरचटलंसुद्धा नाही.

माणसं धावत आली. एका आजोबांनी आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. मग विमानाभोवती फेरी मारून विचारलं, "आता हे न्यायचं कसं?"

पंख उतरवून, ट्रकवर घालून. इंजिन उघडल्यावर एका सिलिंडरची झडप तुटलेली निघाली. वहिनींना मात्र ही बातमी पोरानंच सांगितली, माझ्या आधी.