सूर पोहोचतो, शब्द कुठे हरवतो?

१ ऑक्टोबर हा दिवस संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार १९९१ पासून ज्येष्ठ नागरिकांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने अनेक शाळांमधील समूहगानाचा गट वृद्धाश्रमात गाणी म्हणायला जातो. शाळा जळगावात मेहरूण तलावाच्या काठची असो की धुळ्याची, कार्यक्रमाचे स्वरूप बहुधा सारखेच असते. मुले महिनाभर सराव करतात, गातात, टाळ्या पडतात. पण आजी-आजोबांना गाण्यातले शब्द कळले का? आवाज गोड होता, पण मुले काय म्हणत होती ते समजले नाही, असे पुष्कळांच्या बाबतीत घडते. असे का होते, हे समजून घेतले तर त्यावर सोपे उपायही करता येतात.

आपल्या आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात काही हजार सूक्ष्म केशपेशी असतात. नळीच्या तोंडाजवळच्या पेशी उच्च वारंवारतेचे ध्वनी टिपतात, तर आतल्या टोकाकडच्या पेशी कमी वारंवारतेचे. वय वाढते तशा तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून म्हातारपणी सगळेच आवाज सारखे मंद होत नाहीत. उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी हरवतात.

आता गाण्याकडे पाहू. मुले ज्या पट्टीत गातात, त्या सुरांची मूळ वारंवारता बहुधा २५० ते ५५० हर्ट्झच्या दरम्यान असते. आ, ओ यांसारख्या स्वरांची ऊर्जाही मुख्यतः कमी वारंवारतेतच असते. हा भाग वृद्धांना बऱ्यापैकी ऐकू येतो. परंतु स, श, त, ख, फ या व्यंजनांची ओळख पटवणारे ध्वनी २००० हर्ट्झच्या वर, कित्येकदा ४००० हर्ट्झच्याही पुढे असतात. शब्दाशब्दांतला फरक व्यंजनांमुळे कळतो. म्हणूनच चाल पोहोचते आणि शब्द हरवतात. मोठ्याने ओरडून गाण्यानेही फारसे साधत नाही. ओरडताना स्वर वाढतात, व्यंजने त्या मानाने वाढत नाहीत. शिवाय अशा कानांना थोडा मोठा आवाजही एकदम कर्कश वाटू शकतो.

हे वर्गात करून पाहता येईल. एका विद्यार्थ्याला बंद दाराआड उभे करा आणि दारावर जाड गोधडी टांगा. त्याने ताट, पाट, खाट, हाट असे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणावेत. बाकीच्यांनी ऐकू येईल ते लिहावे. मग त्याने एक अगदी नवे गाणे म्हणावे आणि शेवटी सर्वांना पाठ असलेले गाणे म्हणावे. प्रत्येक वेळी किती शब्द बरोबर आले, याचा तक्ता करा. गोधडी उच्च वारंवारतेचे ध्वनी अधिक शोषून घेते, त्यामुळे मुलांना वृद्धांच्या ऐकण्याची थोडीफार कल्पना येते. पाठ असलेल्या गाण्याचे शब्द मात्र ‘ऐकू’ येतात, कारण गाळलेल्या जागा मेंदू आठवणीतून भरतो.

गाण्याची निवड महत्त्वाची ठरते ती इथेच. साधारणपणे १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी अधिक टिकून असतात, असे स्मृतीच्या अभ्यासात आढळले आहे. आज ऐंशीच्या घरात असलेल्या आजी १९६१ साली पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी ‘मानिनी’ चित्रपटातून बहिणाबाई चौधरींच्या कविता गाण्यांच्या रूपाने घरोघरी पोहोचल्या. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात म्हटलेल्या त्यांच्या ओळी घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. लय आणि चाल शब्दांना कसे धरून ठेवतात, याचे याहून जवळचे उदाहरण खानदेशात शोधावे लागणार नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या काही व्यक्तींना घरच्यांची नावे आठवत नाहीत, पण जुने गाणे सुरू होताच त्या पुढचे शब्द म्हणू लागतात, ते यामुळेच.

बसण्याची व्यवस्थाही तितकीच महत्त्वाची आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथा हिस्सा उरते. ३ मीटरवरून २० मुले गातात तेव्हा मिळणारी तीव्रता ६ मीटरवरून मिळवायला ८० मुले लागतील! तेव्हा मुले वाढवण्यापेक्षा जवळ जाणे बरे. मुले अर्धवर्तुळात, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी उभी करावीत. ओठांच्या हालचालींवरूनही शब्द कळतात. पेटी आणि तबला हळू ठेवावा, कारण खालचे मोठे आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात. मोकळ्या भिंतींच्या दालनात निनादामुळे शब्द एकमेकांत मिसळतात. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या मांडून निनाद किती घटतो ते मोजले होते. आपल्याला सतरंज्या आणि पडदे पुरतील. पंखे शक्य तर बंद ठेवावेत आणि सर्दी-खोकला झालेल्या मुलांना त्या दिवशी नेऊ नये.

आणखी एक काम आधीच करता येईल. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दोन-तीन विद्यार्थ्यांनी आश्रमात जाऊन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्या शाळेत कोणते गाणे म्हणत होते? ज्या गाण्यांची नावे पुन्हा पुन्हा येतील, त्यांतली तीन-चार बसवावीत. एखादे गाणे मुलांना माहीत नसले तर ते आजी-आजोबांकडूनच शिकून घ्यावे. कार्यक्रमाच्या दिवशी किती ओठ हलले, ते मागे उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने मोजावे. टाळ्यांपेक्षा तो आकडा अधिक खरा असेल.