चीनची बाजारपेठ आणि परदेशी खेळयंत्रे

दूरचित्रवाणी संचाला जोडून पडद्यावरील चित्रांचे खेळ ज्यावर खेळता येतात, त्या यंत्रास ‘गेम कन्सोल’ असे म्हणतात. दिसावयास ती एक लहानशी पेटी असते. परंतु तिच्यामागील व्यापाराची रीत समजून घेतल्याखेरीज चीनमध्ये तिचे काय झाले, हे नीट उमगावयाचे नाही. जपानची निन्टेंडो आणि सोनी, तसेच अमेरिकेची मायक्रोसॉफ्ट या कंपन्या ही पेटी बहुधा अल्प नफ्यावर आणि प्रसंगी तोटा सोसूनही विकतात. खरी प्राप्ती होते ती त्या पेटीवर चालणाऱ्या खेळांच्या विक्रीतून. कंपनी स्वतः रचलेले खेळ विकते आणि इतरांच्या खेळांवर हक्कशुल्क घेते. म्हणजे पेटी ही जणू दुकानाची जागा असून माल तो खेळ. एखाद्या देशाने पेटी विकण्यास मोकळीक दिली पण खेळ विकण्यावर निर्बंध ठेवले, तर परदेशी कंपनीच्या हाती मोकळे दुकान तेवढे उरते. चीनमध्ये नेमके हेच घडत आले आहे.

या कथेच्या आरंभी परदेशी कंपनी नसून तिची नक्कल आहे. निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले. मूळ यंत्र चिनी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु त्याची रचना फारशी अवघड नसल्याने तैवान आणि दक्षिण चीनमधील कारखान्यांनी तिच्या प्रतिकृती काढण्यास विलंब लावला नाही. क्वांगतुंग प्रांतातील चोंगशान शहरी ‘श्याओ पावांग’, म्हणजे ‘छोटा दांडगेश्वर’, या नावाचे यंत्र तयार होऊ लागले. बाहेर ते ‘सुबोर’ या नावाने ओळखले जाई. भारतातही नव्वदच्या दशकात ज्या घरांत ‘कॅसेट’ बदलून हे खेळ खेळले जात, त्यांतील बहुतेक यंत्रे अशाच प्रतिकृतींच्या कुळातील होती. मूळ जपानी कंपनीचे नावही तेथे कोणास ठाऊक नसे.

सुबोरचे चालक दुआन योंगपिंग यांनी एक युक्ती योजिली, आणि तिच्यात पुढील सर्व इतिहासाचे बीज आहे. त्यांनी यंत्राला कळफलक जोडला, टंकलेखनाचे व संगणक-भाषेचे धडे देणाऱ्या कार्ट्रिज सोबत दिल्या आणि त्यास ‘अध्ययनयंत्र’ असे नाव दिले. चित्रपट-अभिनेता जॅकी चॅन याच्याकडून त्याची जाहिरात करविली. एकुलत्या एका अपत्याच्या भवितव्यासाठी पोटाला चिमटा घेण्यास सिद्ध असलेल्या चिनी आईबापांना खेळणे विकत घेणे पटले नसते. अध्ययनाचे साधन घेणे मात्र कर्तव्यच वाटले. मुलांना पेटीचे खरे मर्म पहिल्याच दिवशी कळत असे. आईबापांनाही ते कळत नसे, असे मानण्याचे कारण नाही. परंतु या गोड बतावणीवर दोन्ही पक्ष संतुष्ट होते, आणि यंत्र अमाप खपले.

ही तडजोड २००० साली मोडली. त्या सुमारास शहरांतून खेळयंत्रांच्या खोल्यांचा सुळसुळाट झाला होता, त्यांतील काहींत जुगारही चाले, आणि वृत्तपत्रांतून या खेळांना मुलांसाठीचे ‘इलेक्ट्रॉनिक हेरॉइन’ म्हटले जाऊ लागले होते. अफूने ज्या देशाच्या आधुनिक इतिहासावर काळी छाया टाकली, तेथे ही उपमा किती खोल जाते हे सांगावयास नको. त्या वर्षीच्या जून महिन्यात राज्य-परिषदेच्या कार्यालयाने संस्कृती मंत्रालय व अन्य सहा खात्यांचे एक संयुक्त मतपत्र जारी केले. त्यान्वये देशांतर्गत वापराकरिता इलेक्ट्रॉनिक खेळांची यंत्रे व त्यांचे सुटे भाग यांचे उत्पादन आणि विक्री थांबविण्यात आली. निर्यातीसाठीचे उत्पादन मात्र चालूच राहिले. त्यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवली. जगातील बहुतेक खेळयंत्रे ज्या देशातील कामगारांच्या हातांनी जुळविली जात होती, त्याच देशात ती राजरोस विकत घेता येत नव्हती.

बंदीतून वाट काढण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. त्यांतील निन्टेंडोचा प्रयत्न विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. वेई येन या चिनी वंशाच्या शास्त्रज्ञाबरोबर भागीदारी करून निन्टेंडोने सूजोउ येथे ‘आयक्यू’ ही कंपनी काढली, आणि २००३ च्या नोव्हेंबरात तिने ‘आयक्यू प्लेयर’ बाजारात आणला. या यंत्राला पेटीच नव्हती. हातात धरावयाच्या नियंत्रकातच सर्व यंत्रणा बसविली होती आणि त्याची तार थेट दूरचित्रवाणी संचाला जोडता येई. किंमत ४९८ युआन. चीनमध्ये चोरट्या प्रतींचा सुकाळ असल्याने खेळ कार्ट्रिजमध्ये विकण्याऐवजी ६४ मेगाबाइटचे एक स्मृतिपत्र दिले जाई. ग्राहकाने ते दुकानात न्यावे, पैसे भरावे आणि खेळ त्यावर उतरवून घ्यावा, अशी योजना होती. पुढे घरच्या संगणकावरूनही तसे करता येऊ लागले. खेळांच्या ऑनलाइन विक्रीची आज जगभर रूढ झालेली पद्धत चीनसाठी इतक्या आधी योजली गेली, ही गोष्ट मोठी नवलाची! परंतु त्यावरील खेळ १९९६ सालच्या ‘निन्टेंडो ६४’ या यंत्राचे होते. ते उत्तम होते, पण संख्येने फार थोडे. यंत्राच्या सबंध आयुष्यात डझनभराहून किंचित अधिकच खेळ निघाले. नंतर आयक्यूने हातात मावणारी यंत्रेही विकली. तीही मर्यादित प्रमाणातच चालली.

सोनीने २००४ च्या आरंभी ‘प्लेस्टेशन २’ विक्रीस आणून पाहिले; त्याचाही जम बसला नाही. २०१२ साली तर लेनोवो कंपनीच्या परिवारातून निघालेल्या ईडू या संस्थेने शरीराच्या हालचालींनी चालणारे एक यंत्र आणले आणि ‘खेळयंत्र’ हा शब्द टाळून ते क्रीडा व मनोरंजनाचे साधन म्हणून पुढे केले. अध्ययनयंत्राची जुनी युक्ती निराळ्या पोशाखात पुन्हा अवतरली होती. पण ३,७९९ युआन मोजून ते घेण्यास फारसे कोणी पुढे आले नाही.

या बंदीच्या काळात चिनी तरुण खेळांवाचून राहिला, असे कोणी समजू नये. तो ‘वांगपा’त, म्हणजे इंटरनेटच्या दुकानात, जाऊन बसला. २००१ मध्ये शांघायच्या शांदा कंपनीने आणलेला एक कोरियन ऑनलाइन खेळ विलक्षण लोकप्रिय झाला. असा खेळ कंपनीच्या दूरस्थ संगणकावर चालत असल्याने त्याची चोरटी प्रत काढून फारसा उपयोग नसे. पुढे तर खेळ फुकट द्यावयाचा आणि खेळाडूची शस्त्रे, वस्त्रे, वाहने यांचे पैसे घ्यावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. नंतर हीच पद्धत भ्रमणध्वनीवर आली. येथे हे ध्यानात घ्यावयास हवे की, बंदीमुळे केवळ परदेशी यंत्रे अडली नाहीत. एका सबंध पिढीची सवयच वेगळी घडली. खेळासाठी आधी दोन-तीन हजार युआनचे यंत्र घ्यावयाचे आणि मग प्रत्येक खेळासाठी तीनशे युआन मोजावयाचे, ही कल्पनाच तिला परकी झाली. शिवाय ज्या घरात दूरचित्रवाणी संचासमोर आजी-आजोबा बसलेले असतात आणि मुलाच्या पाठीशी प्रवेशपरीक्षेचे भूत लागलेले असते, तेथे हे यंत्र ठेवावे तरी कोठे, हाही प्रश्न होताच.

दार उघडले ते २०१३ च्या सप्टेंबरात. शांघाय येथे मुक्त-व्यापार क्षेत्र स्थापन झाले, आणि तेथे नोंदलेल्या परदेशी भांडवलाच्या उद्योगांस खेळयंत्रे निर्मून, सांस्कृतिक खात्याच्या तपासणीनंतर, देशात विकण्याची मुभा मिळाली. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात शांघायच्या बेसटीव्ही या माध्यम-कंपनीशी भागीदारी जाहीर केली. तिच्यात चिनी पक्षाचा वाटा ५१ टक्के व मायक्रोसॉफ्टचा ४९ टक्के होता. सोनीने शांघायमधीलच ओरिएंटल पर्ल समूहाशी हात मिळविले. ‘एक्सबॉक्स वन’ २०१४ च्या सप्टेंबरअखेर, ठरल्या तारखेनंतर काही दिवसांनी, दुकानांत आले. ‘प्लेस्टेशन ४’ जानेवारीत यावयाचे ते २०१५ च्या मार्चमध्ये आले. त्याच वर्षीच्या जुलैत ही मुभा सबंध देशाला लागू करण्यात आली. वृत्तपत्रांनी चौदा-पंधरा वर्षांची बंदी उठल्याचे मथळे दिले आणि जगातील एका महाकाय बाजारपेठेची स्वप्ने रंगविली जाऊ लागली.

या स्वप्नात एक त्रुटी होती. मोकळीक मिळाली ती पेटीला, खेळाला नव्हे. चीनमध्ये व्हिडिओ गेम हे एक ‘प्रकाशन’ मानले जाते, आणि पुस्तकाप्रमाणेच त्याला शासनाकडून प्रकाशन-क्रमांक मिळवावा लागतो. परदेशी कंपनीस स्वतः प्रकाशक होता येत नाही. तिने चिनी प्रकाशकामार्फत अर्ज करावयाचा. खेळात राष्ट्रीय ऐक्यास बाधक, अश्लील, अतिहिंसक, जुगारास वा अंधश्रद्धेस उत्तेजन देणारे असे काही नसावे, अशी अट असते. अटींची भाषा मुद्दामच ऐसपैस ठेवलेली असल्याने कोणता प्रसंग कोणास खटकेल, याचा आधी अदमास येत नाही. हा कारभार २०१८ साली कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचार-विभागाच्या अखत्यारीत गेला. त्या वर्षी मार्चपासून डिसेंबरपर्यंत एकाही नव्या खेळाला क्रमांक मिळाला नाही. २०२१ च्या जुलैपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत पुन्हा तेच घडले. ‘एक्सबॉक्स वन’चा चीनमधील आरंभ दहाच खेळांनिशी झाला होता. त्याच वेळी जगात अन्यत्र त्यावर कितीतरी अधिक खेळ उपलब्ध होते, आणि चीनमध्ये विकलेल्या यंत्रावर बाहेरचे खेळ चालू नयेत, असे कुलूपही त्याला घातलेले होते.

मग जाणता ग्राहक काय करणार? शेनचेनच्या ह्वाचियांगपै बाजारात किंवा ऑनलाइन दुकानांत हाँगकाँग व जपानहून आलेली यंत्रे बंदीच्या काळातही मिळत होती. ती तो घेत आला होता आणि पुढेही घेत राहिला. अधिकृत मालाचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नव्हती. त्याच कंपनीचा आडवाटेने आलेला माल होता. शासन या आडवाटेकडे बहुधा कानाडोळा करते, पण तिचा भरवसा धरता येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी निन्टेंडोच्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या अत्यंत निरुपद्रवी खेळातील आपल्या बेटांवर निषेधाचे फलक लावले, आणि पाहता पाहता तो खेळ चीनच्या ऑनलाइन दुकानांतून दिसेनासा झाला.

निन्टेंडोने दुसऱ्या खेपेस बलाढ्य सहकारी निवडला. खेळांच्या धंद्यात चीनमध्ये अग्रगण्य असलेल्या टेन्सेंट कंपनीने १० डिसेंबर २०१९ रोजी ‘स्विच’ हे यंत्र २,०९९ युआनला विक्रीस आणले. आरंभी सोबत मारिओचा एकच खेळ होता. २०२१ च्या मे महिन्यात ‘प्लेस्टेशन ५’ ३,८९९ युआनला व जूनमध्ये नवे ‘एक्सबॉक्स’ आले. त्याच ऑगस्टात एका शासकीय वृत्तपत्राने खेळांना ‘मनाची अफू’ म्हटले आणि टेन्सेंटचे समभाग कोसळले. महिन्याच्या अखेरीस नियम निघाला की, अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळ केवळ शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ एवढाच एक तास खेळता येतील. ज्या आईबापांना १९९४ मध्ये अध्ययनयंत्र हवे होते, त्यांच्या मुलांनाही आता आपल्या मुलांविषयी तीच धास्ती होती. हा नियम निव्वळ वरून लादलेला नव्हता, हे मान्य करावयास हवे.

आकडे पाहिले तर चित्र स्पष्ट होते. २०२४ साली चीनमधील खेळांच्या व्यवसायाची उलाढाल ३२,५०० कोटी युआनहून अधिक होती. तिच्यातील शेकडा सत्तरहून अधिक भाग भ्रमणध्वनीवरील खेळांचा. दूरचित्रवाणीच्या खेळयंत्रांच्या वाट्याला ४५० कोटींच्या जवळपास, म्हणजे शेकडा दीडही नाही. तथापि आदल्या वर्षाच्या तुलनेत ही रक्कम निम्म्याहून अधिक वाढली होती. या वाढीमागे एक खेळ प्रामुख्याने उभा आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी प्रसिद्ध झालेला ‘ब्लॅक मिथ : वूखोंग’ हा खेळ चिनी कंपनीने रचला असून संगणक व ‘प्लेस्टेशन ५’ या दोहोंवर तो आला, तीन-साडेतीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. त्याचा नायक वानरराज सुन वूखोंग हा ‘पश्चिमेची यात्रा’ या जुन्या कादंबरीतील. ती यात्रा म्हणजे सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाच्या प्रवासाचे लोककथेतील रूप. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात हिंडून महाराष्ट्रातील लोकांचे वर्णन लिहून ठेवणारा यात्रिक तोच.

या यशाचा अर्थ लावताना परदेशी कंपन्यांना हर्ष आणि चिंता दोन्ही वाटणे स्वाभाविक आहे. पैसे मोजून खेळ विकत घेणारा चिनी ग्राहक आहे, हे सिद्ध झाले; परंतु त्याला पेटीपर्यंत आणले ते चिनी खेळाने. सोनीने हे आधीच ओळखले असावे. २०१६ पासून ती ‘चायना हीरो’ नावाच्या योजनेखाली चिनी रचनाकारांस साहाय्य करीत आली आहे, आणि तिन्ही कंपन्यांत अधिक टिकाऊ धोरण तिचेच दिसते. परकी पेटी, देशी खेळ आणि निर्यातीची आशा या तीन गोष्टी जेथे जुळतात, तेथे शासनाचाही विरोध मावळतो. केवळ आपले परदेशी खेळ घेऊन येणाऱ्या कंपनीला ही सोय नाही. निन्टेंडोचे सारे बळ तिच्या स्वतःच्या पात्रांत आहे आणि त्या पात्रांना एकेक करून क्रमांक मिळवावा लागतो. २०२४ च्या नोव्हेंबरात टेन्सेंटने जाहीर केले की, चीनमधील ‘स्विच’चे ऑनलाइन दुकान १५ मे २०२६ रोजी बंद होईल, ज्यांनी अधिकृत यंत्र घेतले होते, त्यांना निरोपादाखल चार खेळ विनामूल्य उतरवून घेता येतील.